समृद्धीवर दोनशेचा काटा गाठण्यापेक्षा ट्रॅकवर जा : 'ट्रॅक डे' म्हणजे नेमकं काय, आणि महाराष्ट्रातल्या गाडीवाल्यांना तो लांब का पडतो?

इन्स्टाग्राम उघडा आणि समृद्धी महामार्गाचं नाव टाकून बघा. दहातल्या दोन-तीन रील्स एकाच प्रकारच्या सापडतील. मोबाइल स्पीडोमीटरवर रोखलेला, मागे पंजाबी गाणं, आणि काटा १६०, १८०, २०० असा चढतोय. खाली कमेंट्समध्ये आगीचे इमोजी. एखादा विचारतो, 'भावा, कुठला पट्टा?' उत्तर बऱ्याचदा मेहकर ते सिंदखेडराजा असं असतं. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना शेतं आणि दुपारच्या वेळी गाड्या तुरळक.

याच पट्ट्यात, लोणार तालुक्यात बीबी हे गाव आहे. समृद्धी होण्याआधी नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी वाहतूक मेहकर, सुलतानपूर, बीबी, दुसरबीड, सिंदखेडराजा अशी गावागावांतून जायची. एसटी, ट्रक, कापसाच्या गाड्या, मध्येच रस्ता ओलांडणारी गुरं. तिथे दोनशे सोडा, ऐंशीचा काटा गाठायलाही मोकळा रस्ता शोधावा लागायचा. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा सहापदरी सिमेंटचा रस्ता पूर्ण झाला. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोकांना ज्या वेगाची सवयच नव्हती, तो वेग त्यांच्या शेताच्या बांधावर येऊन उभा राहिला.

त्याची किंमत काय असते हे या भागाला वेगळं सांगायला नको. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळच्या पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. तो अपघात स्पोर्ट्स कारचा नव्हता, त्याची कारणंही वेगळी होती. पण रात्री-अपरात्री महामार्गावर काही घडलं की सगळ्यात आधी धावत जाणारे लोक आजूबाजूच्या गावांतले असतात, ही गोष्ट तेव्हा राज्याने पाहिली.

मग प्रश्न असा, की ज्याच्याकडे खरोखर वेगवान गाडी आहे त्याने करायचं काय? गाडी घेतली आणि आयुष्यभर ८० ने चालवायची? 'वेग मर्यादेत ठेवा' हे फलकावर लिहिणं सोपं आहे. पण ज्याने वर्षानुवर्षं पैसे साठवून पोलो जीटी, आय-ट्वेंटी एन लाइन, ऑक्टाव्हिया आरएस किंवा बीएमडब्ल्यू एम-३४० आय घेतली, त्याला ती गाडी काय करू शकते हे एकदा तरी बघायचं असतंच. या हौसेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ती पुरवायची जागा कोणती, एवढाच वाद आहे.

आधी थोडं गणित

गाडी १२० च्या वेगाने जात असेल तर ती एका सेकंदात ३३ मीटर पुढे सरकते. १८० ला हाच आकडा ५० मीटर होतो. समोर रोही आडवी आली, किंवा बंद पडलेला ट्रक दिसला, तर डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. त्यानंतर चांगले टायर, कोरडा रस्ता आणि उत्तम ब्रेक धरले तरी १२० वरून गाडी थांबायला एकूण सुमारे १२० मीटर लागतात. १८० वरून लागतात सुमारे २३५ मीटर. २४० वरून ३८० च्या आसपास.

म्हणजे वेग दीडपट केला की थांबायचं अंतर जवळपास दुप्पट होतं. कारण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि ब्रेकला ती सगळी उष्णता करून टाकावी लागते.

पण खरी गंमत पुढे आहे. एकाच जागेवरून, एकाच क्षणी दोन गाड्यांना अडथळा दिसला असं समजा. एक १२० वर, दुसरी १८० वर. पहिली ज्या ठिकाणी पूर्ण थांबते, त्याच ठिकाणाहून दुसरी अजून सुमारे १५० च्या वेगाने पुढे जात असते. वेग फक्त ३० ने उतरलेला असतो. रात्री लो बीमचा उजेड जेमतेम ५०-६० मीटरपर्यंत पडतो, हे यात धरलं तर रात्रीच्या त्या रील्स बघवत नाहीत.

'माझ्या गाडीचे ब्रेक भारी आहेत' हा युक्तिवाद इथे फार चालत नाही. भारी ब्रेक शेवटचे काही मीटर वाचवतात. दीड सेकंदात जे ७५ मीटर निघून गेले, ते कुठल्याच कंपनीच्या ब्रेकला परत आणता येत नाहीत.

कायदा काय म्हणतो?

समृद्धीची आखणी ताशी १५० किलोमीटरच्या वेगाला धरून केली आहे, असं वारंवार सांगितलं गेलं. अनेकांनी त्याचा अर्थ '१५० ने चालवायला परवानगी' असा काढला. तसं नाही. आखणीचा वेग म्हणजे वळणाचा बाक, उतार, दृष्टिपथ हे ठरवण्यासाठी इंजिनिअरने धरलेला आकडा. चालवण्याची मर्यादा मोटारींसाठी १२० आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये द्रुतगती महामार्गांसाठी कमाल वेग ठरवला, तोही १२०.

या पलीकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे. ते फारसं कुणाला माहीत नसतं. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी केली, तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. 'वेगाची चाचणी' हे शब्द नीट वाचा. बाजूला दुसरी गाडी नसली तरी 'टॉप स्पीड चेक करू या' म्हणून केलेली रील या शब्दांच्या किती जवळ जाते, ते ज्याचं त्याने ठरवावं. शिवाय पुरावा त्याने स्वतःच अपलोड केलेला असतो.

मुंबईत कोस्टल रोड सुरू झाल्यावर रात्रीच्या गाड्यांच्या आवाजाबद्दल आजूबाजूच्या रहिवाशांनी तक्रारी केल्या. पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि ती गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप आहे. त्या प्रकरणात चर्चा झाली ती तीनशे शब्दांच्या निबंधाची, रक्ताच्या नमुन्यांची, पैशाची. एवढ्या ताकदीची गाडी शहराच्या रस्त्यावर कुठल्याही शिकवणीशिवाय चालवता येते, हा मुद्दा मात्र कोपऱ्यात राहिला. आपल्याकडे आठशे सीसीच्या हॅचबॅकला आणि चार सेकंदांत शंभर गाठणाऱ्या गाडीला लायसन्स एकच लागतं.

बैलाला पट असतो, मग गाडीला?

विदर्भाला ही गोष्ट खरं तर समजावून सांगायची गरज नाही. इथे शंकरपट आहे. बैलजोडी पळवायची तर पट आखतात. जमीन बघतात, दगड वेचतात, दोन्ही बाजूंना माणसं मागे सारतात आणि मग घड्याळावर जोडी सोडतात. जोडी कितीही तेज असली तरी ती आठवडी बाजारातून पळवून दाखवावी असं कुणाला वाटत नाही. २०१४ च्या बंदीनंतर महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. त्यातही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, धावपट्टीची तपासणी, जनावरांच्या डॉक्टरची हजेरी अशा अटी आहेत. म्हणजे दोन बैलांच्या वेगाला आपण जेवढी शिस्त लावली, तेवढी साडेतीनशे अश्वशक्तीला लावलेली नाही.

ट्रॅक डे हा गाडीचा पट समजा. फरक एकच, यात शर्यत नसते. तुम्ही तुमची रोजची गाडी घेऊन बंद सर्किटवर जायचं, फी भरायची, हेल्मेट घालायचं आणि ठरलेल्या वेळात ठरलेल्या नियमांनी गाडी चालवायची. पहिला-दुसरा नंबर नाही, चषक नाही, बऱ्याच ठिकाणी लॅपची वेळही मोजत नाहीत. शर्यत करायची असेल तर मोटरस्पोर्ट महासंघाचा परवाना, खास पिंजरा लावलेली गाडी, आग न लागणारे कपडे असा वेगळा संसार सुरू होतो. ट्रॅक डेला साधारणपणे चालू लायसन्स, ठणठणीत गाडी आणि ऐकून घ्यायची तयारी एवढ्यावर भागतं.

दिवस कसा जातो?

सकाळी सगळ्यात आधी वर्ग भरतो. झेंडे शिकवतात. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, कुणाला ओलांडू नका. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागे तुमच्यापेक्षा वेगवान गाडी आहे. काळा तुमच्यासाठी दाखवला तर आत या, काहीतरी चुकलंय. चौकटीचा झेंडा म्हणजे वेळ संपली. ज्याने या वर्गात मोबाइल बघत वेळ काढला, त्याला पुढे दिवसभर सगळे ओळखून असतात.

मग गाड्यांची तपासणी. डिकीतली स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं बाहेर. ब्रेक मारताना सुटी पडलेली पाण्याची बाटली पेडलखाली गेली तर काय होईल, याचा विचार करा. चाकांचे नट आवळलेत का, टायरमध्ये गोटे किती उरलेत, तेल गळतंय का, हे बघतात.

त्यानंतर गट पाडतात. नवखे, थोडे सरावलेले आणि अनुभवी. प्रत्येक गटाला १५ ते २० मिनिटांचं सत्र, मग विश्रांती. विश्रांती माणसाला लागते तशी गाडीलाही लागते. नवख्या गटात ओलांडणं फक्त ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर, तेही पुढच्याने हात करून वाट दिली तरच. रस्त्यावर हॉर्न आणि डिपर मारून वाट काढायची सवय असलेल्यांना हे पचायला एक सत्र जातं.

आणि मग पहिलं वळण येतं.

समृद्धीवर दोनशे मारलेल्या माणसाची पहिली फजिती इथे होते. सरळ रस्त्यावर गाडी पळवायला फक्त उजवा पाय लागतो. वळणावर कधी ब्रेक मारायचा, किती मारायचा, स्टिअरिंग फिरवायच्या आधी ब्रेक किती सोडायचा, नजर कुठे ठेवायची, वळणाचा आतला बिंदू कुठे गाठायचा आणि ॲक्सिलरेटर पुन्हा कधी द्यायचा, या सगळ्याला शिकवणी लागते. शेजारी बसलेला प्रशिक्षक बहुतेक वेळा दोनच गोष्टी सांगत असतो : 'लांब बघा' आणि 'अजून जोरात ब्रेक'. कारण दहा-दहा वर्षं गाडी चालवणाऱ्या कित्येकांनी एबीएस एकदाही अनुभवलेलं नसतं. पेडल पायाखाली थरथरायला लागलं की घाबरून ते पाय सोडतात. खऱ्या संकटात हीच चूक होते. ट्रॅकवर ती दहा वेळा करून सुधारता येते, कारण बाहेर रिकामी जागा असते आणि समोरून कुणी येत नसतं.

मग मागून एक जुनी, रंग उडालेली पोलो येते आणि वाट मागते. पन्नास-साठ लाखांच्या गाडीतल्या माणसाला ती वाट द्यावी लागते. दोन वळणांत ती दिसेनाशी होते. ट्रॅक डेला गेलेले लोक घरी आल्यावर सांगतात तो किस्सा बहुतेकदा हाच असतो.

गाडीचं काय होतं?

हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून नीट वाचा. रोजची गाडी ट्रॅकवर तक्रार करते ती इंजिनाची नाही, ब्रेक आणि टायरची. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-४ प्रकारचं नवं ऑइल कमीत कमी २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे. ओल शिरलेल्या ऑइलसाठी हाच आकडा १५५ अंशांवर येतो. ट्रॅकवर लागोपाठ जोरात ब्रेक मारले की हे तापमान गाठायला वेळ लागत नाही. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे येतात आणि पेडल सरळ तळाला जातं. म्हणून जाण्याआधी ब्रेक ऑइल नवं भरा, पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक असू द्या आणि प्रत्येक सत्राची शेवटची फेरी सावकाश मारा, म्हणजे ब्रेक वाऱ्याने निवतात. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका.

टायरवर मापाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. 'एच' म्हणजे २१० पर्यंत, 'व्ही' २४०, 'डब्ल्यू' २७०, 'वाय' ३००. हे आकडे नव्या, नीट हवा भरलेल्या टायरचे. टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. ३२१८ असेल तर तो टायर २०१८ च्या ३२ व्या आठवड्यातला. असा टायर घेऊन ट्रॅकवर गेलात तर तपासणीत परत पाठवण्याची शक्यता आहे. समृद्धीवर अपघातांच्या चर्चेत टायर फुटण्याचं कारण वारंवार पुढे आलं आणि परिवहन विभागाने तिथे टायर तपासणी सुरू केली, ती याचसाठी. महामार्गावर सगळ्यांना थांबवून बघणं शक्य नसतं. ट्रॅकवर बघितल्याशिवाय सोडतच नाहीत.

आता सगळ्यात महागडा मुद्दा : विमा. घरातून पॉलिसीचा कागद काढा आणि 'वापराच्या मर्यादा' हा भाग वाचा. भारतातल्या खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत, पेसमेकिंग, वेगाची चाचणी आणि गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी हे वापर वगळलेले असतात. ट्रॅक डे शर्यत नाही हे खरं, पण सर्किटवर गाडी आपटली तर कंपनी याच ओळीवर बोट ठेवू शकते. भिंतीला लागलेल्या गाडीचा खर्च खिशातून करायची तयारी नसेल, तर त्या दिवशी आपली गाडी पार्किंगमध्ये ठेवावी आणि आयोजकांकडे भाड्याची गाडी असेल तर ती चालवावी. बऱ्याच ठिकाणी सर्किटच्या कठड्याचं नुकसानही भरून द्यावं लागतं, आणि सकाळी सही करायला दिलेल्या कागदात ते लिहिलेलं असतं. तो कागद न वाचता सही करू नका. गाडीच्या वॉरंटीचंही तसंच. विचारायचं ते जाण्याआधी विचारायचं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग रस्ताच बरा, तिथे तरी विमा आहे. तिथे विमा आहे हे खरं. पण तिथे समोर जे कुणी असतं, त्याने कुठल्याच कागदावर सही केलेली नसते.

जायचं कुठे?

इथे महाराष्ट्र मार खातो. देशातली मोठी सर्किट आपल्यापासून लांब आहेत. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किलोमीटरचं. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वन झालं आणि तिन्ही वर्षं सेबास्टियन व्हेटेल जिंकला. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचं १९९० पासूनचं सुमारे ३.७ किलोमीटरचं सर्किट आहे. कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे, सुमारे २.१ किलोमीटरचं, शिवाय तिथेच 'कोस्ट' हे त्याहून मोठं सर्किट. बीबीच्या चौकातून निघालात तर चेन्नई काय आणि ग्रेटर नोएडा काय, हजार किलोमीटरच्या वरचा प्रवास आहे. इंदूरजवळ पिथमपूरला 'नॅट्रॅक्स'चा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. तो त्यामानाने जवळ, पण तो मुळात कंपन्यांच्या गाड्या तपासण्यासाठी आहे. हौशी माणसाने उठून जावं अशी ती जागा नाही.

गाड्या मात्र इथेच बनतात. चाकण हे देशातल्या मोटार उद्योगाच्या मोठ्या केंद्रांपैकी एक. ज्या पोलोवर भारतातली अनेक पोरं शर्यत शिकली ती चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि शर्यत खेळायला तमिळनाडूत गेली. नारायण कार्तिकेयन कोइम्बतूरचा, करुण चंडोक चेन्नईचा, भारताचे फॉर्म्युला वनमधले दोन्ही चालक तमिळनाडूचे. याला योगायोग म्हणणं कठीण आहे. आणि याच्या उलट बाजूने बघायचं तर कोल्हापूर बघा. तिथे मोहिते कुटुंबाने कार्टिंगचा ट्रॅक उभा केला आणि त्या शहरातून राष्ट्रीय पातळीवरचे चालक निघायला लागले. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्री मालिकेपर्यंत पोहोचला.

महाराष्ट्रात अगदीच काही नाही असं नाही. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' भरवली गेली आहे. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर सरळ पळायचं आणि घड्याळ काय सांगतं ते बघायचं. इंजिनाच्या क्षमतेनुसार गट, आणि रोजच्या गाड्या घेऊन आलेले सामान्य लोक. शंकरपटाच्या सगळ्यात जवळचा प्रकार हाच. जमीन साफ, माणसं कठड्याच्या मागे, एका वेळी ठरलेल्याच गाड्या. पुण्याजवळ तळेगावच्या बाजूला नाणोलीला छोटा खासगी ट्रॅक आहे. वडाळ्याला कार्टिंग आहे. ज्याला ब्रेक, वळण आणि नजर यांचा पहिला धडा घ्यायचा आहे, त्याने कार्टिंगला हसू नये. जमिनीपासून दोन इंचांवर बसून साठने वळण घेताना गाडी कुठे सुटते हे जेवढं स्पष्ट कळतं, तेवढं बंद काचांच्या सेडानमध्ये दोनशेलाही कळत नाही.

पण एक पूर्ण आकाराचं सर्किट, जिथे नागपूर, अकोला, छत्रपती संभाजीनगर, पुणे इथला माणूस सकाळी निघून संध्याकाळी परत येईल, असं राज्यात नाही. पंचावन्न हजार कोटींहून जास्त खर्चून आपण राज्याला वेग दिला. त्या वेगाची हौस भागवायला तीन-चार किलोमीटरची बंद पट्टी मात्र कुणी आखली नाही. मुंबईत एके काळी जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या. म्हणजे कल्पना नवी नाही, मागे पडलेली आहे.

जर्मनीत या प्रश्नाचं एक विचित्र उत्तर आहे. नुर्बुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा जुना ट्रॅक १९२७ चा. ठरलेल्या दिवशी तो टोल रस्ता म्हणून खुला असतो. कुणीही यावं, फेरीचे पैसे भरावेत, आपल्या गाडीने जावं. वाहतूक एकाच दिशेने आणि नियम रस्त्याचेच. तिथेही लोक आपटतात, तिथेही विमा कंपन्या हात वर करतात. पण त्या दिवशी त्या टोल रस्त्यावर दूधवाला नसतो, शाळेची बस नसते आणि भिंतीपलीकडून म्हैस येत नाही.

ट्रॅकवर गेलं की रस्त्यावर माणूस सुधारतो का?

आयोजक असं सांगतात. त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. नॉर्वेत एकेकाळी नव्या चालकांना घसरणाऱ्या रस्त्यावर गाडी सावरायचं प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं. नंतर तपासलं तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढल्याचं आढळलं. कारण साधं होतं. 'मला गाडी सावरता येते' हा आत्मविश्वास कौशल्यापेक्षा लवकर वाढला. मग तिथे अभ्यासक्रमाचा रोख बदलला आणि गाडी घसरूच नये म्हणून काय करायचं यावर भर आला.

म्हणून ट्रॅक डेची बाजू घेताना 'यामुळे तुम्ही रस्त्यावर उत्तम चालक व्हाल' असं म्हणणं फसवं आहे. त्याची बाजू वेगळ्या कारणाने घ्यायला हवी. हौस तिथे भागते जिथे चुकीची किंमत ज्याची त्याला मोजावी लागते. वळणाबाहेर मोकळी जागा असते, रुग्णवाहिका उभी असते, झेंडेवाला पुढचं बघून मागच्याला सांगत असतो. आणि प्रशिक्षक बरा मिळाला, तर आपल्याला काय येत नाही हे कळतं. बरा नाही मिळाला तर उलट होऊ शकतं. म्हणून नवख्याने आयोजकाला फीच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात : शेजारी प्रशिक्षक बसणार का, नवख्यांचा गट वेगळा आहे का, आणि डॉक्टर-रुग्णवाहिका जागेवर असणार का. यातल्या एकाचंही उत्तर गोलमाल आलं तर घरी राहावं. पार्टी, डीजे आणि ड्रोन शूट यांची माहिती पहिल्या पानावर आणि सुरक्षेची माहिती कुठेच नाही, असा कार्यक्रम असेल तरीही.

खर्चाचं म्हणाल तर फी हा त्यातला छोटा भाग असू शकतो. पेट्रोल नेहमीच्या कितीतरी पट जळतं, पॅड आणि टायर वर्षाऐवजी काही दिवसांत झिजतात, शिवाय येणं-जाणं आणि मुक्काम. चार-पाच मित्रांनी मिळून जावं, एकाच गाडीत दोघांनी आलटून पालटून सत्रं घ्यावीत, हा अनेकांनी शोधलेला मार्ग आहे. आयोजकाची परवानगी असेल तर तो चालतो, फक्त गाडीला मधली विश्रांती मिळत नाही हे लक्षात ठेवायचं.

आणि परतीचा प्रवास आधीच ठरवून ठेवायचा. दिवसभर ट्रॅकवर घासलेले पॅड घेऊन त्याच रात्री घराकडे निघायचं नाही. मुक्काम करा. सकाळी गाडी थंड असताना चाकांचे नट आवळून घ्या, टायरची हवा पुन्हा मोजा, कारण आदल्या दिवशी तापलेल्या टायरमधून काढलेली हवा आता कमी भरते. ब्रेक ऑइलची पातळी बघा, पॅड बघा. स्टेपनी आणि जॅक डिकीत परत ठेवायला विसरू नका, ते काल पिटच्या कोपऱ्यात काढून ठेवले होते.